वांग्याचं रोप

मार्च महिना मले कधी रस्त्यात भेटला ना, तर मी त्याची कॉलर धरून विचारणार हाये, "बाबा, तू हिवाळा हाये का उन्हाळा, एकदाचं सांगून टाक. काहून आमचा छळ मांडला?" सकाळी सहाले मळ्यात जा, तर अंगात स्वेटर पायजे. दहाले तोच स्वेटर कमरेले बांधा. बाराले चप्पल काढून पाय टेकला तर चटका बसते. अन् चार वाजले की कुठून तरी काळं आभाळ चढते, वारा सुटते, गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे ओढायले धावतात, चार थेंब पडतात अन् सारं गायब. परत ऊन. ही काई रीत झाली?

"रीत कशाची, ह्याले कोणी विचारणारंच नाई," उज्ज्वला म्हणली. "काल मी कूलर खाली काढला, घासूनपुसून खिडकीत लावला. अन् झोपली गोधडी घेऊन. नवरा म्हणे, कूलरले बी एक गोधडी दे."

त्रिशला हसून हसून बेजार. "आमच्या दुकानात आज सकाळपासून दोनच गोष्टी खपून राह्यल्या. सर्दीच्या गोळ्या अन् सरबताच्या बाटल्या. एका माणसानं तर दोन्ही घेतल्या."

हे बोलणं चाललं होतं शेलूबाजारच्या चौकात, धरमसिंगच्या रसवंतीवर. मी सुचिता. चौकापासून एक किलोमीटरवर, हायवेले लागून आमचा भाजीचा मळा हाये. रोज सकाळी भाजी घेऊन चौकात बसायचं अन् बाराच्या सुमारास पाट्या रिकाम्या झाल्या की रसवंतीच्या बाकड्यावर, हा माहा नेम. रसवंतीले लागूनच त्रिशलाच्या सासऱ्याचं, लखमीचंदशेठचं किराणा दुकान. त्याच्या वरच्या मजल्यावर उज्ज्वलाचं शिलाईचं दुकान. आमी तिघी किन्हीराजा गावच्या एकाच शाळेत शिकलो, अन् नशीब असं की तिघींचं सासर शेलूबाजार. नवऱ्यापेक्षा जास्त गप्पा आमच्या एकमेकींशी झाल्या असतीन.

त्रिशला जैन. जमिनीखाली पिकलेलं काईच खात नाई. कांदा नाई, लसूण नाई, बटाटा नाई. रसात आलं चालत नाई, ग्लास घरून आणते. मध बी खात नाई, माशीचं घर मोडून आणलेलं असते म्हणून. अन् उज्ज्वला एकदम उलटी. तिले सारं चालते, फक्त वाट पाह्यलेली चालत नाई.

"ते जाऊ दे," उज्ज्वलानं विचारलं, "तुह्या कांद्यावर माशी आली का नाई?" असं म्हणून तिनं रुमालानं आपल्या ग्लासावरची माशी हाकलली.

"कुठची वं," मी म्हणलं. "गोंडे उमलून आठ दिवस झाले. एक माशी दिसल तर शपथ." अन् मी बी माह्या ग्लासावर हात ठेवला, कारण दोन माश्या काठावर बसून राह्यल्या होत्या.

आता हे जरा समजून सांगावं लागते. माह्या जिवाले त्या वर्षी एकच घोर होता, तो म्हणजे वीस गुंठे कांद्याचं बी. खायचा कांदा नाई. कांदा परत जमिनीत लावायचा, त्याले हिरवे दांडे येतात, दांड्याच्या टोकावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येते, अन् त्या फुलांत काळं बी भरते. पण बी असंच भरत नाई. मधमाशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरायले पायजे. माशी नाई फिरली तर गोंडा दिसायले देखणा अन् आतून फोल.

अन् ते वीस गुंठे होते माह्या सासूचे, कस्तुराबाईचे. कागदावर कोणाचे बी असो. तीस वर्षं त्यांनी तिथं वांगं पिकवलं. चौकात लोक 'कस्तुराबाईचं वांगं हाये का' असं विचारत येतात, माहं नाव कोणी विचारत नाई. अकरा वर्षं मी त्यांच्याच वांग्याची पाटी घेऊन बसली. मले आपलं सोताचं काई तरी करून पाह्यचं होतं. मी हट्ट धरला. भांडली. दोन दिवस जेवली नाई, तिसऱ्या दिवशी चोरून भाकर खाल्ली, ते जाऊ द्या. शेवटी सासूबाई म्हणल्या, "एक साल देते तुले. एकच. फसलं, तर माह्या वावरात माहं वांगं, अन् मंग मले नवं काई सांगत येजो नको."

बोलल्या ते बोलल्या, पण शिमग्याच्या आधीच त्यांनी घरामागं नळाजवळ एक वाफा केला अन् वांग्याचं बी टाकलं. मले एक शब्द सांगतला नाई. मी भांडे घासायले गेली अन् पाह्यते तर मातीतून हिरवं वर आलेलं. बोटभर झालं, चार बोटं झालं. वांग्याचं रोप वीतभर झालं की लावणीले येते. म्हणजे ते वीतभर होईपर्यंत मले मुदत. नंतर माहे दांडे उपटायचे अन् तिथं वांगं लावायचं. रोज सकाळी सासूबाई त्या रोपाले पाणी घालत, अन् मले वाटे, माह्याच नरड्यात ओतून राह्यल्या. आमच्या घरचे, म्हणजे माहा नवरा, आमच्या दोघींच्या मधात पडत नाई. शहाणे हायेत.

"अवो पण मी गुळ देल्ला होता ना तुले?" त्रिशला म्हणली. "गुळाचं पाणी गोंड्यावर मारलं की माश्या येतात म्हणे."

"मारलं ना. मुंगळे आले. अशा रांगा लागल्या मुंगळ्यांच्या, जशी जत्रा. माशी एक नाई."

"फवारा तर नाई मारला कशाचा?"

"मी काय येडी हाये? महिना झाला, औषधाची डबी बी उघडली नाई."

"मंग ही हवाच अशी. गार वारा सुटला की माशी घराबाहेर निघत नाई," उज्ज्वला म्हणली, अन् पुन्हा रुमाल फिरवला. "हट! बसू देत नाई सुखानं."

"मोबाइल म्हणते, आज दिवसभर ऊन."

"तुहा मोबाइल काल बी ऊनच म्हणत होता, अन् लखमीचंदशेठ छत्री घेऊन मंदिरात गेले."

बोलता बोलता मी ग्लास तोंडाले लावला, अन् ओठाले काई तरी वळवळलं. माशी! रसात पडलेली, पाय झाडत होती. माही तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवसांचा सारा राग त्या एका माशीवर निघाला. "मेली, इथंच मरायचं होतं का तुले!" म्हणून मी ग्लास फेकायले हात उचलला, तर त्रिशलानं माहं मनगट धरलं.

"थांब, थांब. जीव हाये त्यात."

तिनं करंगळी रसात घातली, माशीले अलगद वर घेतलं अन् आपल्या तळहातावर ठेवलं. फुंकर घातली. माशी भिजलेले पंख ओढत ओढत तिच्या हातावरून चालायले लागली. त्रिशलानं तो हात माह्यापुढं केला अन् हसत म्हणली, "आठ दिवस रडून राह्यली ना, माशी नाई माशी नाई? घे. घेऊन जा एक."

आमी तिघी हसलो. अन् हसता हसता तिघी एकदमच थांबलो.

मी उज्ज्वलाकडे पाह्यलं. उज्ज्वलानं हातातल्या रुमालाकडे पाह्यलं. मंग तिघींनी मान वळवून चरकाच्या मागं पाह्यलं. तिथं उसाच्या चिपाडांचा ढीग होता, माणसाच्या कमरेइतका. अन् त्या ढिगावर! चिपाड दिसतच नव्हतं. नुसत्या माश्या. हजारानं. ढीगच्या ढीग हलून राह्यला होता.

"अवो माय," उज्ज्वला म्हणली. "तुह्या माश्या तर इथं बसल्या!"

आठ दिवस! आठ दिवस आमी तिघी त्याच बाकड्यावर बसून, ग्लासावरच्या माश्या हाकलत हाकलत, माश्या काहून येत नाई याची चर्चा करून राह्यलो होतो. सांगा, यापरीस मोठं येडेपण असते का? मले हसू बी येत होतं, रडू बी येत होतं, अन् उड्या माराव्या असं बी वाटत होतं. मी खरंच एक उडी मारली. बाकडं उलटलं.

धरमसिंग चरक थांबवून आला. तांड्यावरचा माणूस, खांद्यावर लाल पंचा, बोलणं मोजकं. त्याच्या चरकाच्या चाकाले घुंगरं बांधलेले हायेत, चाक फिरलं की छन्न छन्न आवाज पार बसथांब्यापर्यंत जाते. ते थांबलं की चौक मुका झाल्यासारखा वाटते.

"काय झालं बाई? माशी चावली का? या माश्यांनी माहा बी जीव खाल्ला. तिकडे पिंपळावर मोहोळ हाये, तिथून येतात. आज तर मी ठरवलंच, चिपाडावर रॉकेल टाकतो अन् काडी लावतो."

"नाई!" आमी तिघी इतक्या जोरानं वरडलो की रस्त्यावरची एक जीप थांबली.

त्रिशलानं तर हातच जोडले. "भाऊ, जीव जाळू नका. पाया पडते."

मी त्याले सारं सांगतलं. कांदा, गोंडे, सासूबाई, वांग्याचं रोप, सारं एका दमात. तो ऐकत राह्यला. मंग म्हणे, "माशीले एक किलोमीटर म्हणजे काईच नाई. पण घराखालीच पंगत बसली असंल तर लांब कोण जाईन?"

"तेच तर! भाऊ, चार दिवस रसवंती बंद ठेवा. चिपाडं मी उचलून नेते."

"बंद?" त्याचा चेहराच उतरला. "सुचिताबाई, हे आभाळ एक दिवस उघडते अन् दोन दिवस झाकते. गार वाऱ्यात रस कोण पिते? ऊन पडलं तोच माहा दिवस. त्याच दिवशी बंद ठेवू?"

"ऊन पडलं तोच माहा बी दिवस हाये! माशी उन्हातच निघते!"

"मंग मी काय करू बाई."

इथं मी गप बसायले पायजे होतं. पण माही जीभ. चार गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी होती, त्यांच्यापुढं मी म्हणलं, "काई करू नका. बसा असेच. नाई तरी तुमच्या रसात रस कमी अन् माश्याच जास्त." अन् अर्धा ग्लास तसाच बाकड्यापाशी ठेवून तरातरा निघाली. मागं धरमसिंग काईच बोलला नाई. त्याचं ते न बोलणं मले घरापर्यंत टोचत राह्यलं.

मंग तीन दिवस आभाळ उघडलं नाई. खरं सांगते, तीन दिवस. वारा असा की गोंडे एकमेकांवर आपटत. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ मळ्यात जाऊन पाहे. माशी तर सोडा, मुंगळे बी घरी गेले होते. मी एक जुनं मऊ लुगडं घेतलं अन् गोंड्यांवरून हलक्या हातानं फिरवायले लागली. माशीचं काम हातानं करायचं म्हणजे तेच, या फुलाचं त्या फुलाले लावायचं. पण वीस गुंठे अन् एक बाई! अर्ध्या ओळीत हात भरून आले.

तिसऱ्या दिवशी घरी आली तर सासूबाई वाफ्यापाशी बसलेल्या. आंगठा मातीले टेकवला अन् करंगळी रोपाच्या शेंड्याले लावली. बरोबर वीत.

"उद्या बाजार," त्या म्हणल्या. "परवा सकाळी ट्रॅक्टर सांगतला मी."

"माय, आभाळ झाकलं हाये म्हणून—"

"आभाळ दर सालीच झाकते, पोरी. वांग्याले माशीची वाट पाहावी लागत नाई."

आत जाऊन पीठ मळलं, इतकं मळलं की आमच्या घरचे म्हणे, भाकरी करून राह्यली का भिंत बांधून राह्यली. मंग मी त्रिशलाले फोन लावला. तिनं उचलला अन् माहा आवाज ऐकूनच म्हणली, "उद्या सकाळी आमी दोघी येतो."

"उद्या बाजार हाये वं. दुकान?"

"सासरे बसतीन."

बाजाराच्या दिवशी लखमीचंदशेठचं दुकान म्हणजे पाय ठेवायले जागा नसते. त्या दिवशी सुनेनं मळ्यात जाणं म्हणजे काय, ते मले माहीत होतं. मी फोन ठेवून देल्ला, काहून की मले रडताना कोणी ऐकलेलं आवडत नाई.

अन् बाजाराच्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले तर खिडकीत पिवळंधम्मक ऊन! आभाळ कसं, धुऊन वाळत टाकलेल्या चादरीवाणी स्वच्छ. वारा बंद. मी चहा बी घेतला नाई. धावत मळ्यात गेली तर सारे गोंडे उन्हाकडे तोंड करून उमललेले, वीस गुंठे पांढरेशुभ्र. असा दिवस परत येणार नाई, हे मले कळत होतं. अन् हे बी कळत होतं की आज तिकडे चौकात रसवंती जोरात चालल अन् एकूण एक माशी तिथंच बसल.

आठ वाजता दोघी आल्या. उज्ज्वलानं दुकानातून मलमलचे तुकडे आणले होते, गठ्ठाभर. "ब्लाउजच्या अस्तराचे हायेत. यापरीस मऊ काई नाई. चल, दाखव कसं करायचं."

मी दाखवलं. अन् त्रिशला, जिनं जन्मात कांद्याले बोट लावलं नाई, ती पदर खोचून कांद्याच्या ओळीत शिरली.

"अवो, चालते का तुले?" मी विचारलं.

"खायचा नाई एवढंच हाये. फुलाशी माहं काई भांडण नाई." अन् जरा पुढं जाऊन म्हणली, "वास मात्र लय हाये वं याचा! आज मले घरात कोणी घेणार नाई."

आमी हसत होतो, बडबडत होतो, पण हात चालूच. नऊ वाजले. तिघींच्या मिळून चार ओळी झाल्या होत्या. अजून साठ बाकी. मी मान वर करून आभाळाकडे पाह्यलं तर दूर, इंझोरीकडच्या अंगाले, कापसाच्या बोंडाएवढा एक ढग वर येत होता. मी ओळीतच खाली बसली.

"नाई होत वं," मी म्हणलं. "हे तिघींचं काम नाई. उद्या ट्रॅक्टर येते. संपलं."

उज्ज्वला काई तरी बोलणार होती, पण तिनं हात वर केला. "श्श! ऐक."

हायवेकडून आवाज येत होता. छन्न. छन्न छन्न. छन्न.

आमी तिघी धुऱ्याकडे, वावराच्या बांधाकडे धावलो. धरमसिंगची रसवंती! मोटारसायकलच्या मागं जोडलेली, चाकाचे घुंगरं प्रत्येक खड्ड्यात वाजत होते. अन् तिच्यामागं त्याच्या भावाचा ऑटो, त्यात चिपाडंच चिपाडं, पार टपावरून बाहेर लोंबणारी. चौकातला सारा ढीग त्यानं झाडून आणला होता.

धरमसिंग उतरला. माह्याकडे पाह्यलं बी नाई. धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली जागा पाह्यली, गाडी लावली, पंच्यानं तोंड पुसलं.

"भाऊ, आज बाजार हाये," मी म्हणलं.

"माहीत हाये."

"मी त्या दिवशी लोकांसमोर तसं बोलली—"

"बोलल्याचं काई नाई. गिऱ्हाईक बोलतेच," तो म्हणे. "अर्धा ग्लास टाकून गेल्या तुमी. तीन सालांत पहिल्यांदा. ते लागलं मले."

मी तिथंच, हायवेवर, साऱ्या जीपांसमोर त्याच्या पाया पडायले वाकली, तर तो दोन पावलं मागं सरला. "अवो बाई, टाइम जाऊन राह्यला! चिपाडं उतरवा!"

मंग जे झालं ते मी जन्मभर सांगत राहीन. आमी चिपाडं धुऱ्याच्या कडेनं पसरली. धरमसिंगनं चरक फिरवला, अन् पहिला रस ग्लासात नाई, चिपाडांवर ओतला. दोन तांबे. मंग सारे वाट पाहत उभे राह्यलो. ऊन तापत होतं. साडेनऊ. पावणेदहा. उज्ज्वला नखं खाऊन राह्यली होती.

"आली," त्रिशला हळूच म्हणली.

एकच होती. चिपाडावर बसली, उठली, गेली.

"गेली!" मी किंचाळली.

"जाऊ दे," धरमसिंग म्हणे. "सांगायले गेली असंल."

अन् सांगतलंच असंल तिनं! दहा मिनिटांत दहा आल्या. मंग मोजता येईनात. चौकातला ढीग हटलेला, घराखालची पंगत उठलेली, साऱ्या शोधत शोधत इकडेच आल्या. चिपाडं पुन्हा काळी-पिवळी झाली, हलायले लागली. धरमसिंगनं पाच मिनिटं थांबू देल्लं, मंग ऑटोतून ताडपत्री काढली. "आता चिपाडं झाकू, म्हणजे फुलांवर जातीन. धरा दोन्हीकडून. हळूच. दाबू नका, उडू द्या त्यांले."

आमी ताडपत्री इंचाइंचानं ओढली. त्रिशला प्रत्येक माशीले हात जोडून "उठ वं माय, उठ" म्हणून राह्यली होती. माश्यांचा लोट वर उठला. आमच्या डोक्यावर एक चक्कर मारली, मले वाटलं, आता परत जातात पिंपळावर. अन् मंग तो सारा लोट खाली उतरला, माह्या कांद्यावर.

आवाज! वीस गुंठे घुमायले लागले. प्रत्येक गोंड्यावर दोन-दोन, तीन-तीन माश्या, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. मी नाचली. हो, नाचली, लाज कशाची? उज्ज्वला माह्या गळ्यात पडली, त्रिशला डोळे पुसत होती अन् म्हणत होती, कांद्याच्या वासानं पाणी येऊन राह्यलं. बाजारात जाणाऱ्या जीपा घुंगरं ऐकून थांबायले लागल्या. लोक लिंबाखाली उभे राहून रस पेत होते अन् विचारत होते, इथं काय कार्यक्रम हाये? धरमसिंगले श्वास घ्यायले फुरसत नव्हती.

मी जोरजोरानं वरडत होती, "या! या माह्या माय! खा! प्या!" तेवढ्यात मागून आवाज आला.

"वरडू नको. भेतीन त्या."

सासूबाई. ट्रॅक्टर कुठून आत घ्यायचा ते पाह्यले आल्या असतीन. त्या ओळीच्या मधात उभ्या होत्या. एक माशी त्यांच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर बसलेली. त्यांनी हात हलवला नाई. ती उडून जाईपर्यंत तशाच उभ्या राह्यल्या. मंग धुऱ्यावर गेल्या अन् धरमसिंगकडून एक ग्लास रस मागून पेल्या.

दुपारी तीनले तो इंझोरीकडचा ढग आलाच. काळाकुट्ट होऊन आला. वारा सुटला, माश्या क्षणात गायब झाल्या, अन् आमी तिघी लिंबाखाली एकमेकींचे हात धरून उभ्या. गारा पडल्या तर दांडे मोडतीन. टप, टप, टप. हरभऱ्याएवढी एक गार उज्ज्वलाच्या ग्लासात पडली.

"घ्या," धरमसिंग म्हणे, "बर्फ फुकट."

चार थेंब अजून पडले, अन् सारं गायब. परत ऊन. त्या दिवशी मी मार्च महिन्याले माफ केलं, एका दिवसापुरतं.

दुसऱ्या दिवशी मले जाग आली ती धसक्यानं. ट्रॅक्टर! त्याबद्दल काल सासूबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. विचारायची माही हिंमत झाली नव्हती. मी घरामागं धावली.

वाफा रिकामा होता. सासूबाई उकिडव्या बसून वांग्याचं शेवटचं रोप उपटून राह्यल्या होत्या. बाजूले ओल्या गोणपाटात रोपांच्या पेंड्या बांधून ठेवलेल्या. लावणीची सारी तयारी.

"माय," मी म्हणलं, "ट्रॅक्टर किती वाजता येते?"

"कोणता ट्रॅक्टर?" त्यांनी वर पाह्यलं बी नाई. पेंडीले सुतळीची गाठ मारली. "या पेंड्या धरमसिंगले नेऊन दे. तांड्याजवळ जागा हाये म्हणे त्याची, पाणी बी हाये. रोप वीतभर झालं की थांबत नाई, आजच लावायले सांग."

मी तशीच उभी.

"उभी काहून राह्यली? चार रोपं ठेवली नळापाशी, घरच्या भाजीपुरती. एक पेंडी तुह्या त्या त्रिशलाले देते का? कुंडीत लावल. ते वांगं तरी खाते का नाई?"

"नाई खात, माय. वांग्यात बी लय असते म्हणून नाई खात."

सासूबाईनं हात झटकले. तीस वर्षांची वांग्याची माती त्या हातांवर होती. मंग गुडघ्यावर जोर देऊन उठल्या अन् मळ्याकडे पाहत म्हणल्या, "असू दे. आपल्या गोंड्यात भरो तेवढं बी."

आपल्या. मी पेंड्या डोक्यावर घेतल्या अन् चौकाकडे निघाली, पळतच. सकाळची थंडी होती, अंगात स्वेटर होता, अन् मले घामाच्या धारा लागल्या होत्या.